साहेब, नाकाबंदी सकाळी साडेपाचला लावा

मा. पोलीस अधीक्षक साहेब,
मराठवाड्याचे आठही जिल्हे.

(आठही म्हणलं कारण एका जिल्ह्याचं नाव घेतलं की बाकीचे सात म्हणतेत आपल्याकडं असलं काही नसतंय.)

नमस्कार साहेब. मी सायकलवाला. चालवणारा नाही, गुडघे गेलेत माझे, दुरुस्त करणारा. तुळजापूर-नागपूर हायवेच्या कडंला एका तालुक्याच्या गावात दुकान आहे, बत्तीस वर्षं झाली. आधी भाड्याच्या सायकली होत्या, तासाला रुपया, वहीत नाव लिहायचं आन् न्यायची. मग घरोघर मोटारसायकल आली, भाड्याचा धंदा बसला, मधी काही वर्षं तर वाटायचं की पाने-पकडी विकून चहाची टपरी टाकावी. ते टळलं ते पोरींमुळं. मानव विकासच्या योजनेत आठवी ते बारावीच्या मुलींना, घर शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत असलं तर, सायकलीला पैसे मिळायला लागले. राज्यातले १२५ मागास तालुके आहेत त्या योजनेत आणि त्यात आपला मराठवाडा किती आहे ते तुम्हाला सांगायची गरज नाही. तर आता शाळेच्या टायमाला माझ्या दुकानापुढून पोरींची रांग जाते, एकमेकीच्या कॅरियरला हात लावून, गप्पा मारत, आणि संध्याकाळी तीच रांग परत येते. माझं पोट त्या रांगेवर आहे. म्हणून हे पत्र काही समाजसेवा म्हणून लिहीत नाही, आधीच सांगतो.

पोरींशिवाय सायकल कोण चालवतं आता? पेपर टाकणारा पोरगा. गिरणीवरचा, गोडाऊनवरचा वॉचमन, जो सकाळी सहाला सुटतो. हॉटेलात भांडी घासणारा, जो पहाटं पाचला भट्टी पेटवायला जातो. शेतावर राहणारा सालगडी, ज्याला गावातून मीठ-मिरची आणायचीय. शिवाय लातूर-नांदेडसारख्या शहरातले हेल्मेटवाले डॉक्टर, वकील लोक, त्यांच्या सायकली पन्नास हजाराच्या असतात, माझ्याकडं येत नाहीत, पण रस्त्यावर पहाटं तेही असतेत. म्हणजे बगा, सायकलची वेळ ठरलेली आहे. पहाटं पाच ते साडेसात आणि संध्याकाळी पाच ते साडेसात. रात्री बारा वाजता सायकल कोणीच चालवत नाही.

आणि तुमची दारूवाली नाकाबंदी कधी असते? थर्टी फर्स्टला, रात्री अकरा ते दोन, शहरातल्या मोठ्या चौकात. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो, एक जण नळीत फुंकतोय आणि चार पोलीस बघतेत.

मला एवढंच सांगायचंय साहेब, ते दारू तपासायचं, फुंकायचं मशीन सायकलच्या टायमाला रस्त्यावर आणा. बाकीचं पत्र म्हणजे असं का म्हणतोय त्याची कारणं आहेत, वेळ असला तर वाचा.

मोडलेली सायकल मला वाचता येते. पुढचं चाक वाकलेलं आलं तर मी विचारतो काय झालं, कारण त्यात काहीही असू शकतंय, खड्डा, कुत्रं, दोघी तिघी डबलशीट, ब्रेकच नव्हता. मागचं चाक वाकलेलं आलं तर मी विचारत नाही. रिम अशी दुमडलेली असते की पोळीची घडी, कॅरियर सीटला येऊन चिकटलेलं, मागचा चिमटा आत दबलेला, आणि पुढचं चाक मात्र एकदम सरळ, बोटानं फिरवलं तर गरगर फिरतं, एवढा पण आऊट नसतो त्याला. म्हणजे सायकल सरळ चालली होती. आपल्या बाजूनं, नीट, आणि मागून कोणीतरी आलं.

गेल्या मार्गशीर्षात अशी एक आली. जांभळी लेडीज सायकल, पुढं बास्केट. माझ्याच हातची फिटिंग, सीटखाली मी बारीक पांढरा ठिपका लावतो त्यावरून ओळखली. पोरगी नववीतली, जादा तास करून घरी चालली होती, पावणेसहा वाजले असतील, त्या दिवसांत पावणेसहालाच सूर्य बुडतोय. मागून पिकअप आला. पिकअपवाला दुपारपासून ढाब्यावर बसलेला होता हे ढाब्यावरच्या सगळ्यांना माहीत होतं, मला पण दुसऱ्या दिवशी चार जणांनी येऊन सांगितलं, कोण कोण सोबत होते, चकण्याला काय होतं इथपर्यंत. त्याला उठून गाडीकडं जाताना बघितलेले दहा जण निघाले. चावी काढून घेणारा एक पण नाही. पिकअप थांबला नाही, पुढच्या गावात लोकांनी आडवला. पोरगी वाचली, मांडीचं हाड मोडलं, रॉड टाकलाय.

पोलीस आले, लवकर आले, खोटं कशाला बोलू. पण मशीन आणलं नव्हतं. कोणीतरी विचारलं की फुंकायला लावा की ह्याला, तर जमादार म्हणाले मशीन ठाण्यात आहे पण चार्जिंग नाही. मग पंचनामा, मग गाडी ठाण्यात, मग ह्याला घेऊन दवाखान्यात, तिथं डॉक्टर दुसऱ्या केसमध्ये, असं करत करत रक्त घेतलं रात्री अकराला. मी ठाण्याचं नाव लिहीत नाही, दवाखान्याचं पण नाही, कारण तो जमादार भला माणूस आहे, त्याच्या पोरीची सायकल माझ्याकडंच असते. आणि हे काही त्याच एका ठाण्यात होतंय असं नाही.

आता हे अकरा वाजले ना साहेब, इथं सगळी गोम आहे. माझी पुतणी नर्सिंगला आहे, तिनं मला वहीच्या पानावर हिशोब मांडून दिला. कायद्यात हद्द आहे शंभर मिली रक्तात तीस मिलीग्राम दारू, मोटार वाहन कायदा कलम १८५. आणि माणसाचं लिव्हर रक्तातली दारू काढतं ती तासाला सुमारे पंधरा मिलीग्राम, कोणाची थोडी कमी कोणाची थोडी जास्त, पण घाई करत नाही ते. पावणेसहा ते अकरा म्हणजे सव्वापाच तास. पंधरानं गुणा, अठ्ठ्याहत्तर-ऐंशी होतात. म्हणजे धडक दिली तेव्हा ह्याच्या रक्तात शंभर जरी असली, हद्दीच्या तिप्पट-सव्वातिप्पट, तरी अकराला काढलेल्या रक्तात ती वीस-बावीस सापडणार. कागदावर माणूस शुद्धीत. पोरीच्या बापानं मला सांगितलं, रिपोर्ट तसाच आला, तिसाच्या आतला.

आणि तेवढ्यावर सगळं फिरतंय. दारू सिद्ध झाली तर कलम १८५, पहिल्या वेळी दहा हजारापर्यंत दंड नाहीतर सहा महिन्यापर्यंत कैद नाहीतर दोन्ही, २०१९ च्या आधी हाच दंड दोन हजार होता. माणूस मेला असला तर त्याहून मोठा फरक पडतो. २००६ मध्ये मुंबईत कार्टर रोडला फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर कार गेली, सात मेले, त्यात सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्ये सदोष मनुष्यवधाची शिक्षा कायम केली, नुसता निष्काळजीपणा म्हणून सोडलं नाही. तिथं ड्रायव्हर प्यालेला होता हे रक्तावरून कोर्टापुढं आलं होतं. रक्ताच्या बाटलीचं काय काय होऊ शकतं ते २०२४ च्या मे महिन्यात पुण्यात अख्ख्या महाराष्ट्रानं बघितलं, तिथं म्हणे बाटलीच बदलली. आपल्याकडं बाटली बदलायची पण गरज नाही साहेब. नुसतं उशिरा काढलं की झालं, कोणाला एक रुपया द्यायचं काम नाही.

तीन आठवड्यांनी बाप आला सायकल घेऊन, मोटारसायकलच्या मागं आडवी बांधून. मी म्हणलं रिम, तारा, टायर, ट्यूब, कॅरियर, मडगार्ड, चिमटा सरळ करतो, बाराशे-चौदाशेत होईल, मजुरी नका देऊ. तो म्हणाला, मोडीत काय जाईल?

मी म्हणलं मोडीत कशाला, पोरगी बरी झाली की लागल की.

तो म्हणाला, "न्हाई काका. तिची माय म्हणायली, जिती हाय तेवढं लई झालं. बस करा आता."

शाळा बस करा. सायकल न्हवं, शाळा. मोडीचा भाव पंचवीस रुपये किलो, सायकल सोळा किलो, चारशे होतात. मी पाचशे दिले. मोडीत घातली नाही अजून, आत खिळ्याला टांगलीय. घंटी वाजते तिची, गिऱ्हाईकाची लेकरं वाजवत बसतेत.

त्यानंतर त्या गावच्या अजून तीन सायकली विकायला आल्या. चांगल्या होत्या, टायरला रबर होतं, कशाला काही झालेलं नव्हतं. मी आयांना विचारलं तर म्हणल्या, "पोरी आता टमटमनं जायल्यात." ज्यांना टमटमचं भाडं परवडत नाही त्यांच्या पोरी कशानं जायल्यात ते मी विचारलं नाही. शासन एका पोरीला शाळेत न्यायला सायकल देतं आणि एक माणूस चपटी मारून एका संध्याकाळी चार पोरींना सायकलवरून उतरवतो, असला हिशोब आहे. तुमच्या रजिस्टरला ही नोंद एक जखमी म्हणून असेल.

हे झालं संध्याकाळचं. सकाळचं सांगतो, ते जास्त महत्त्वाचं आहे आणि ते सांगायला मला जड जायलंय, पण पत्र लिहायचं तर अर्धं लिहून चालत नाही.

मी काही माळकरी नाही. घेतो, आता कमी झालीय. पंधरा-सोळा वर्षांखालची गोष्ट. मेहुण्याच्या घरी हळद होती, दुसऱ्या गावाला, रात्री नऊपासून बसलो, एक क्वार्टर झाली आणि वरून अजून साठ. एकला झोपलो. पहाटं पाचला उठलो, आंघोळ केली, दोन कप कडक चहा, लिंबू पिळून पाणी. एकदम टकाटक. मी शपथेवर सांगतो साहेब, त्या वेळी मला कोणी विचारलं असतं की तू प्यायलेला आहेस का, तर मी त्याला मारायला धावलो असतो. दुकान उघडायचं म्हणून एम-एटी काढली, साडेपाचला निघालो. अंधार होता अजून, थोडं धुकं, रस्ता मोकळा. एका वळणावर ठक असं काहीतरी वाजलं, पायाला हिसका बसला, मला वाटलं दगड उडाला. थांबलो नाही. घरी येऊन, चहा पिऊन, नऊला दुकानापुढं गाडी धुवायला घेतली तर लेगगार्डला हिरवा रंग लागलेला.

साहेब, मी सायकलवाला आहे. तो हिरवा मला माहितीय. चोवीस इंची, बावीस इंची जुन्या सायकलींच्या मडगार्डला तो रंग यायचा, बाटलीसारखा हिरवा, त्यावर पिवळी रेघ. लेगगार्डवर पिवळी रेघ पण थोडी होती.

मी परत त्या वळणावर गेलो नाही. गेलो असतो तर काय सापडलं असतं ही भीती, आणि न जाऊन काय मिळालं तर ही रात्र-रात्र. महिनाभर मी वाट बघितली की कोणीतरी हिरवं मडगार्ड वाकलेली सायकल घेऊन येईल आणि सांगेल की काका एका हरामखोरानं कट मारला, आणि मी फुकटात नवीन मडगार्ड लावून देईन. कोणी आलं नाही. त्या बाजूच्या गावात कोणी गेल्याचं पण कानावर आलं नाही, तेवढाच आधार. बायकोला पण सांगितलं नव्हतं, आता हे वाचून कळेल तिला.

पुतणीला हा प्रसंग दुसऱ्याचा म्हणून सांगितला आणि हिशोब विचारला. ती म्हणाली साठ-पासष्ट किलोचा माणूस, एक क्वार्टर म्हणजे साठ ग्राम दारू झाली, ती पूर्ण निघायलाच नऊ तास धरा. वरच्या साठ मिलीचे अजून तीन तास. म्हणजे बारा. नऊला सुरू केली तर दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला माणूस कोरा. साडेपाचला त्याच्या रक्तात पन्नासच्या आसपास असणार, तिसाच्या हद्दीला दीडपट-पावणेदोनपट. मी विचारलं, आणि आंघोळ? ती हसायली. म्हणली काका, आंघोळीनं घाम जातो, दारू नाही जात. चहानं झोप जाते. लिंबानं तोंडाचा वास थोडा जात असेल. लिव्हरला ह्यातलं काहीच कळत नाही, त्याचं पंधरा पंधरा चालूच.

आता तुम्ही विचार करा, लग्नाच्या दाट तिथीला, हळदीच्या दुसऱ्या दिवशी पहाटं, वऱ्हाडाची क्रूझर चालवणारा, डीजेची गाडी परत नेणारा, भाजीपाला घेऊन मोंढ्यात निघालेला छोटा हत्ती, हे सगळे माझ्यासारखेच टकाटक असतेत. एक पण बेवडा नाही त्यात. झोकांड्या खाणारा माणूस लोकाला दिसतो, लोक बाजूला होतेत, बायका लेकराला ओढून घेतेत. आंघोळ करून, गंध लावून स्टिअरिंगवर बसलेला कोणाला दिसतो? त्याला ओळखणारी एकच वस्तू आहे आणि ती तुमच्या ठाण्याच्या कपाटात आहे.

रस्त्यावर काय होतं ते पण सांगतो. डिपरच्या उजेडात माणसाला नीट दिसतं ते तीस-चाळीस मीटर. ऐंशीच्या स्पीडला गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते. पुढं सायकलवाला चाललाय तो सेकंदाला तीन मीटर. म्हणजे सायकल दिसल्यापासून ती बंपरला लागेपर्यंत दोन सेकंद मिळतेत, फार तर. शुद्धीतला ड्रायव्हर त्यातला एक सेकंद ब्रेकवर पाय जाईस्तोवर घालवतो. प्यालेल्याचा दुसरा पण जातो. मोटारसायकलवाला निदान आवाजानं, आरशानं, स्पीड वाढवून बाजूला तरी निघून जाऊ शकतो. सायकलला आरसा नाही, मागं काय चाललंय ते फक्त कानाला कळतं, आणि बाजूला व्हायचं म्हणलं तरी आपल्या रस्त्यांच्या साइडपट्ट्या कशा आहेत ते बांधकामवाल्यांना विचारा, डांबराच्या कडंला वीतभर खड्डा. गळीत हंगामात तर डबल ट्रॉलीचा ऊस अर्धा रस्ता खातो, त्याला ओव्हरटेक करणारा उरलेला अर्धा. सायकल कुठं जाणार, उसात?

लोक म्हणतेत सायकलवाल्यांनी लाईट लावावी, रेडियम लावावं. लावावंच. नव्या सायकलीला कंपनीचे रिफ्लेक्टर येतेत, जुन्या सायकलीला मी स्वतः मागच्या मडगार्डला लाल रेडियम फुकट चिकटवतो, कोणतीही सायकल हवा भरायला आली तरी. त्या जांभळ्या सायकलला पण होतं. अजून आहे, टॉर्च मारला की खिळ्यावर चमकतं. रेडियम हे बघणाऱ्यासाठी असतंय.

एक गोष्ट ढाब्यांबद्दल, आणि ही खरं तर राज्य उत्पादन शुल्कवाल्यांची आहे, पण तुमचे न् त्यांचे जाणं-येणं असतंय म्हणून. ढाब्यावर बसून प्यायला परवानगी नसते हे पिणाऱ्याला, पाजणाऱ्याला, सगळ्यांना माहीत आहे, १९४९ चा दारूबंदी कायदा दोघांनाही लागतो. सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०१६ ला हायवेपासून पाचशे मीटरच्या आतली दारू दुकानं बंद करायला सांगितली होती, मग मार्च २०१७ ला वीस हजार वस्तीच्या आतल्या गावाला ते दोनशे वीस मीटर केलं. एप्रिल २०१७ ला आमच्या इथं बोर्ड उतरले. आम्ही म्हणलं चला. मग कुठं दाराचं तोंड फिरलं, कुठं रस्त्याचा दर्जाच फिरला, पुढं कोर्टानंच शहराच्या हद्दीतल्या दुकानांना सूट दिली, आणि बोर्ड एक एक करून परत लागले, नवीन, एलईडीचे. त्यात मी पडत नाही. ज्या गावातल्या बायकांना बाटली आडवी करायची त्या करतील. बाटली उभी राहिली तरी चालेल मला, फक्त ती स्टिअरिंगवर बसू नये.

आता तुम्ही म्हणाल माणसं नाहीत. माहितीय. सभा, मोर्चे, मिरवणुका, बंदोबस्त, एका बीट अंमलदाराकडं वीस-वीस गावं. म्हणून मी रोज सगळीकडं लावा असं म्हणतच नाही. एका ठाण्यानं आठवड्यातून दोन दिवस, दोन तास, जागा बदलून. सोमवारची पहाट घ्या, रविवारची उतरलेली नसते. आठवडी बाजाराची संध्याकाळ घ्या, बाजार करून निघालेला गडी मधी थांबल्याशिवाय घरी जात नाही. लग्नसराईत हळदीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. आमच्या लातूर-धाराशिवकडं येळवशीची, म्हणजे वेळ अमावस्येची संध्याकाळ. सगळा मुलुख रानात असतो, भज्जी-आंबील खाऊन बाया-लेकरं पायी, सायकलवर, बैलगाडीवर परत येत असतेत आणि त्याच रस्त्यानं, दुसऱ्याच शेतातली दुसरीच आंबील पिऊन आलेले पण येत असतेत. नवरात्रात न् कोजागिरीला तुळजापूरला पायी जाणाऱ्यांची तर मोजदाद नाही, त्यांना हेच लागू. मशीन कोणाला पकडेल का, किती पकडेल, ते जाऊ द्या. "आजकाल पहाटं पण फुंकायला लावायलेत" एवढी बातमी पसरली तरी बास आहे. आपल्याकडं बातमीला मोटारसायकल लागत नाही. हेल्मेटची पावती फाडायला कुठल्या वळणावर उभे आहेत ते आम्हाला तुम्ही उभं राहायच्या आधी कळतं.

दुसरं, अपघात झाला की पहिलं मशीन, मग पंचनामा. कलम २०३ मध्ये गणवेशातल्या पोलिसाला संशय आला तर तिथंच फुंकायला लावता येतं, ते लावा, आकडा आणि टाइम तिथंच लिहून घ्या. रक्त काढायला अकरा वाजले तरी मग निदान सहाचा आकडा फाइलीत राहील.

तिसरं छोटंय. गाडी सापडलीच नाही, अज्ञात वाहन, असं ज्या पंचनाम्यात लिहिता त्या घरच्यांना तिथंच सांगा की भरपाई मिळते, एप्रिल २०२२ पासून मयताला दोन लाख, गंभीर जखमीला पन्नास हजार, अर्ज महसूलवाल्यांकडं, प्रांत नाहीतर तहसील. आमच्या भागात ही गोष्ट कोणाला माहीतच नाही. पेपर टाकणाऱ्या एका पोराचा हात असाच गेला, भल्या पहाटं, उडवून गेलेली गाडी कोणती होती ते आजपर्यंत कळलं नाही. त्याला मी सांगितलं तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं आणि त्याच्याकडं पंचनाम्याची झेरॉक्स पण नव्हती. तो आता पायी पेपर टाकतो. एका हातानं सायकल नाही चालवता येत असं नाही, पण कॅरियरवरचा गठ्ठा काढता येत नाही चालत्या सायकलीवरून.

पत्र लांबलं. लेखनाच्या चुका असतील, मोबाईलवर टाइप केलंय, हाताला ग्रीस आहे.

माझं दुकान हायवेवरून गावात वळतो त्या फाट्यावरच आहे, पोरींची रांग पण तिथूनच वळते आणि ढाब्याकडून येणारी गाडी पण. मी पाचला शटर उघडतो, झोप लागत नाही आता. दुकानापुढं बॅरिकेड लावायला जागा आहे, दोन गाड्या साइडला घेता येतेत, बसायला बाकडं आहे, चहा माझ्याकडून, बिनसाखरेचा पाहिजे असला तर आधी सांगा. आणि मशीनचं चार्जिंग उतरलं तर बोर्ड शटरच्या उजव्या हाताला आहे, दोन पिनचा पण चालतो, तीन पिनचा पण. लाईट गेली तर इन्व्हर्टर आहे.

आपला,
फाट्यावरचा सायकलवाला